विनामूल्य दूरचित्रवाणी आणि रग्बीची लोकप्रियता

१९ मार्च १९३८ रोजी लंडनजवळच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात रग्बीचा सामना झाला. स्कॉटलंडने तो २१-१६ असा जिंकला. क्रीडा-इतिहासात या सामन्याची नोंद निकालापेक्षा वेगळ्या कारणाने झाली आहे. बी. बी. सी.ने तो घडत असतानाच पडद्यावर दाखविला. रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. बी. बी. सी.ची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू होऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. संच होते ते लंडन आणि आसपासच्या प्रदेशात, आणि तेही सुखवस्तू घरांत. मैदानात जमलेल्या गर्दीच्या मानाने पडद्यासमोरचा प्रेक्षक अगदीच तुरळक असणार.

त्या दिवशी जो चषक पणाला लागला होता, त्याचे नाव 'कलकत्ता चषक'. १८७३ साली कलकत्त्यातील ब्रिटिश रहिवाशांनी तेथे रग्बीचा क्लब काढला. थोड्याच वर्षांत तो रोडावला आणि १८७८ मध्ये बंद करावा लागला. सभासदांनी क्लबच्या खात्यात उरलेले चांदीचे २७० रुपये काढले, ते वितळवून एक चषक घडविला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेस भेट दिला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या चषकासाठी इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आले आहेत. भारतीय रुपयांच्या चांदीतून घडलेल्या या चषकाच्या सामन्यानेच रग्बीचा दूरचित्रवाणीवरील प्रवास सुरू व्हावा, हा योगायोग मोठा मजेचा आहे.

त्या प्रवासाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. मात्र प्रश्न एका खेळापुरता नाही. एखादा खेळ लोकांना पैसे न मोजता पाहावयास मिळतो तेव्हा त्याचे काय होते, आणि तो वर्गणीच्या कुंपणाआड गेल्यावर काय होते, हे समजून घेण्यास रग्बीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

खेळ आणि त्याचा प्रेक्षक

रग्बी युनियन हा प्रत्येकी पंधरा खेळाडूंच्या दोन संघांतील, ऐंशी मिनिटांचा खेळ. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पळता येते, पण हाताने पुढे फेकता येत नाही. साथीदाराकडे द्यावयाचा तर बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविला की 'ट्राय' होते व पाच गुण मिळतात. इथवर सोपे आहे. परंतु आठ विरुद्ध आठ गडी एकमेकांना रेटतात तो 'स्क्रम' केव्हा व का द्यावयाचा, खाली पडलेल्या खेळाडूने चेंडू कोणत्या क्षणी सोडावयाचा, पंचाने शिट्टी नेमकी कशासाठी वाजविली, हे नवख्याला कळत नाही. वर्षानुवर्षे खेळ पाहणाऱ्यांनाही ते दर वेळी कळतेच असे नाही.

रग्बीच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. फुटबॉल पहिल्या पाच मिनिटांत समजतो. रग्बी समजण्यास सवय लागते, आणि पुन:पुन्हा सहज नजरेस पडल्याखेरीज सवय लागत नाही. शनिवारी दुपारी वडील किंवा आजोबा सामना पाहत बसलेले असतात, मूल जवळ येऊन बसते, काही विचारते, काही समजते, पुढच्या शनिवारी आपण होऊन येते. युरोपातील रग्बीचा प्रेक्षक बहुतांशी अशा रीतीने तयार झाला. सशुल्क वाहिनीवर हे घडणे अवघड, कारण आपल्याला हा खेळ आवडतो हे आधी ठाऊक असलेला माणूसच तिची वर्गणी भरतो.

'विनामूल्य' या शब्दाचाही खुलासा करावयास हवा. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कुटुंबास वार्षिक परवाना शुल्क भरावे लागते आणि बी. बी. सी.चा खर्च प्रामुख्याने त्यातून चालतो. आपल्याकडेही रेडिओच्या परवान्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. आय. टी. व्ही.सारखी वाहिनी जाहिरातींवर चालते. या दोन्ही प्रकारच्या वाहिन्या जवळजवळ प्रत्येक घरात दिसतात आणि सामन्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून त्यांना विनामूल्य म्हणावयाचे.

समालोचकांचे कार्य

चित्राच्या आधी आवाज आला. १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनहॅम येथील इंग्लंड-वेल्स सामन्याचे धावते वर्णन बी. बी. सी.च्या रेडिओवरून प्रसारित झाले. क्रीडासामन्याचे असे वर्णन ब्रिटनमध्ये प्रथमच ऐकू आले. समालोचक टेडी वेकलम यांच्यापुढे अडचण अशी की, मैदान न दिसणाऱ्या श्रोत्याला चेंडू कोठे आहे हे सांगावयाचे कसे? 'रेडिओ टाइम्स' या नियतकालिकात मैदानाचा चौकोनांत विभागलेला आणि क्रमांक घातलेला नकाशा छापण्यात आला. श्रोत्याने तो पुढ्यात ठेवावयाचा आणि क्रमांक ऐकून खेळ कल्पनेने पाहावयाचा.

पुढे दूरचित्रवाणीवर हे काम ज्यांनी अनेक दशके केले ते बिल मॅकलॅरन स्कॉटलंडमधील हॉइक या गावी शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. १९५३ पासून २००२ पर्यंत त्यांनी बी. बी. सी.साठी समालोचन केले आणि १९८७ पर्यंत शिक्षकाची नोकरीही सांभाळली. प्रत्येक सामन्यापूर्वी एका मोठ्या कागदावर निरनिराळ्या रंगांच्या शाईने ते प्रत्येक खेळाडूची माहिती लिहून काढीत. त्यांच्या हाताखाली शाळेत शिकलेले काही विद्यार्थी पुढे स्कॉटलंडकडून खेळले आणि त्यांच्याच खेळाचे वर्णन करण्याची वेळ मास्तरांवर आली. आपल्या विद्यार्थ्याविषयीही पक्षपात न करता बोलणे हे त्यांनी कसोशीने सांभाळले. नियमांचे अवघड कलम दोन सोप्या वाक्यांत उलगडून सांगण्याची त्यांची हातोटी वर्गात कमावलेली होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

वेल्समध्ये भाषेचा प्रश्न होता. खेळ गावोगावी वेल्श बोलणाऱ्या लोकांचा, पण शब्द सगळे इंग्रजी. एइक डेव्हिस या शिक्षकाने रेडिओवरील कार्यक्रमांतून रग्बीसाठी वेल्श शब्द घडविले. 'ट्राय'साठी 'कायस' आणि खेळाडूंच्या निरनिराळ्या जागांसाठी स्वतंत्र नावे अशी ही शब्दसंपत्ती पुढे १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'एस फोर सी' या वेल्श वाहिनीने घरोघर पोहोचविली. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत बोलके केले, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्या भाषेत आई हाक मारते त्या भाषेत खेळ ऐकू आला की तो आपला वाटू लागतो.

हिवाळ्यातील शनिवार

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स यांच्यातील पंचराष्ट्रीय स्पर्धा ही युरोपातील रग्बीचा कणा होती. २००० साली इटली आल्यावर ती षट्राष्ट्रीय झाली. दूरचित्रवाणी संच घरोघर आल्यावर हे सामने हिवाळ्याच्या दिनक्रमाचा भाग बनले. १९७० नंतरच्या दशकात गॅरेथ एडवर्ड्‌स, बॅरी जॉन, जे. पी. आर. विल्यम्स यांचा वेल्स संघ ऐन भरात होता, आणि ज्यांनी कधी मैदान पाहिले नव्हते अशा इंग्रज गृहिणींनाही त्यांची नावे पाठ होती. २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफ येथे बार्बेरियन्स संघाने न्यूझीलंडविरुद्ध केलेली ट्राय तर आजही दाखविली जाते. स्वत:च्या गोलरेषेजवळ मिळालेला चेंडू हातोहात नेत नेत एडवर्ड्‌सने दुसऱ्या टोकास नेऊन टेकविला. मॅकलॅरन त्या दिवशी आजारी असल्याने क्लिफ मॉर्गन यांनी समालोचन केले होते. आज चाळिशीत असलेल्या आणि त्या वेळी जन्मलेल्याही नसलेल्या माणसाला ती चाल तोंडपाठ असते, कारण ती सर्वांच्या पडद्यावर घडली.

फ्रान्समध्ये हेच काम सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील रॉजे कुदेर्क यांच्या आवाजाने केले. रग्बी हा त्या देशाच्या नैर्ऋत्य भागातील गावांचा खेळ. तो उत्तरेकडील लोकांनाही राष्ट्रीय वाटू लागला यात समालोचनातील त्यांच्या उघड आपलेपणाचा वाटा होता. तटस्थतेचा आव त्यांनी कधी आणलाच नाही. मॅकलॅरन आणि कुदेर्क यांच्या वृत्ती परस्परविरुद्ध, पण परिणाम सारखाच झाला.

पैशाचा प्रवेश

या सर्व काळात आंतरराष्ट्रीय रग्बी खेळणाऱ्याला खेळण्याबद्दल मोबदला घेता येत नसे. खेळाडू शिक्षक, वैद्य, शेतकरी किंवा खाणकामगार असत. मोबदल्याच्या वादातूनच १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लब वेगळे झाले होते आणि त्यातून तेरा खेळाडूंचे 'रग्बी लीग' निर्माण झाले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, युनियनवरही तीच वेळ आली.

दक्षिण आफ्रिकेत त्या वर्षी विश्वचषक स्पर्धा होती. अंतिम सामना २४ जूनला व्हावयाचा होता. त्याच्या आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या संघटनांनी रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांचा, ५५ कोटी ५० लाख डॉलरचा करार जाहीर केला. इतका पैसा आल्यावर हौशीपणाचे सोवळे टिकणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९९५ अखेर पॅरिस येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळ सर्वांसाठी खुला, म्हणजे व्यावसायिक, केला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या संघटनेने ट्विकनहॅमवरील सामन्यांचे हक्क पाच वर्षांसाठी ८ कोटी ७५ लाख पौंडांस स्काय या सशुल्क वाहिनीस विकले. इतर चार देशांना हे मुळीच रुचले नाही. हक्क सर्वांचे मिळून विकावयाचे आणि उत्पन्न वाटून घ्यावयाचे, ही त्यांची भूमिका. वाद एवढा चिघळला की १९९६ मध्ये इंग्लंडला पंचराष्ट्रीय स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. पुढे तडजोड झाली. पण पैशाच्या वाटपावरून जानेवारी १९९९ मध्ये पुन्हा तीच हकालपट्टी झाली, ती मात्र जेमतेम एक दिवस टिकली. अखेर इंग्लंडचे घरचे सामने काही वर्षे स्कायवर राहिले आणि २००३ पासून संपूर्ण षट्राष्ट्रीय स्पर्धा बी. बी. सी.वर परत आली.

या व्यवहारास केवळ लोभ म्हणून भागणार नाही. पगारी खेळाडू, प्रशिक्षक, वैद्यकीय मदत, मुलांच्या अकादमी यांस पैसा लागतो. २००३ च्या विश्वचषकात जिंकलेला इंग्लंडचा संघ या सशुल्क उत्पन्नाच्या काळात उभा राहिला, असा युक्तिवाद इंग्लंडमध्ये केला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण तो संघ जिंकताना पाहिला कोणी, हा प्रश्न त्यालाच लागून येतो. २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनी येथे तो अंतिम सामना झाला तेव्हा इंग्लंडमध्ये शनिवारची सकाळ होती. आय. टी. व्ही.वर तो विनामूल्य दिसला. जादा वेळेत जॉनी विल्किन्सनने उजव्या पायाने मारलेला ड्रॉप गोल पाहणाऱ्यांची संख्या एक कोटी पंचेचाळीस लाखांच्या घरात गेली होती.

कायद्याची मर्यादा

काही क्रीडाप्रसंग सर्व नागरिकांना पाहता आलेच पाहिजेत, या तत्त्वास ब्रिटनमध्ये कायद्याचा आधार आहे. १९९६ च्या प्रसारण अधिनियमानुसार शासन अशा प्रसंगांची यादी करते. १९९८ मध्ये या यादीचे दोन गट झाले. 'अ' गटातील प्रसंगांचे थेट प्रक्षेपण विनामूल्य वाहिनीस देऊ करणे आवश्यक; त्यात ऑलिम्पिक, फुटबॉल विश्वचषक, विम्बल्डनचा अंतिम सामना यांबरोबर रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. 'ब' गटातील प्रसंग सशुल्क वाहिनीवर थेट जाऊ शकतात, मात्र त्यांची क्षणचित्रे किंवा विलंबित प्रक्षेपण विनामूल्य मिळाले पाहिजे. षट्राष्ट्रीय सामने या दुसऱ्या गटात आहेत.

म्हणजे ब्रिटनमध्ये षट्राष्ट्रीय सामने विनामूल्य दिसत आले, ते कायद्याच्या सक्तीने नव्हे, बी. बी. सी. व आय. टी. व्ही. यांनी हक्क विकत घेतले म्हणून. याबाबत वेल्समध्ये चिंता सर्वाधिक आहे. २००९ साली डेव्हिड डेव्हिस यांच्या समितीने वेल्सच्या षट्राष्ट्रीय सामन्यांना निदान वेल्सपुरते पूर्ण संरक्षण द्यावे, अशी शिफारस केली. तिला विरोध वेल्सच्या रग्बी संघटनेनेच केला! स्पर्धेतील एक गिऱ्हाईक कायद्याने दूर केल्यास हक्कांची किंमत पडेल, हे तिचे म्हणणे. २०१० मध्ये आयर्लंडचे मंत्री एमन रायन यांनी तसाच प्रस्ताव मांडला तेव्हा तेथील संघटनेनेही हेच उत्तर दिले. प्रेक्षकाचे हित आणि संघटनेची तिजोरी यांतील हा ताण तेव्हापासून कायम आहे.

फ्रान्सने अधिक ठाम भूमिका घेतली. २२ डिसेंबर २००४ च्या आदेशान्वये तेथे षट्राष्ट्रीय स्पर्धा, विश्वचषकाचे उपान्त्य व अंतिम सामने आणि देशांतर्गत अजिंक्यपदाचा अंतिम सामना हे राष्ट्रीय महत्त्वाचे प्रसंग ठरविण्यात आले. उरलेले साप्ताहिक क्लब-सामने सशुल्क वाहिनीवर दिसतात आणि त्यातून क्लबांना भरघोस उत्पन्न मिळते. राष्ट्रीय संघ सर्वांचा, क्लब चाहत्यांचा, अशी ही विभागणी. प्रस्तुत लेखकास ती अधिक शहाणपणाची वाटते.

संख्या काय सांगतात, काय सांगत नाहीत

वाहिनी बदलल्याचा परिणाम मोजावयाचा तर क्रिकेटचे उदाहरण स्वच्छ आहे. २००५ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिका विनामूल्य असलेल्या चॅनल फोरवर दिसली आणि नॉटिंगहॅम कसोटीत प्रेक्षकसंख्येने चौऱ्याऐंशी लाखांचा कळस गाठला. त्यानंतर इंग्लंडमधील कसोटी सामने स्कायकडे गेले. २००९ मध्ये इंग्लंडने तीच मालिका जिंकली तेव्हाचा कळस एकोणीस लाखांच्या आसपास होता. खेळ तोच आणि यशही तेच असता फरक पडला तो वाहिनीमुळे. रग्बीतही षट्राष्ट्रीय सामन्यांचा प्रेक्षकवर्ग शरद ऋतूतील सामन्यांच्या कित्येक पट मोठा असतो. शरद ऋतूतील हे सामने २०२० पासून काही वर्षे ॲमेझॉन प्राइमवर आणि २०२४ व २०२५ साली टी. एन. टी. स्पोर्ट्‌सवर, म्हणजे मुख्यत: वर्गणीदारांपुरते, होते.

तथापि प्रेक्षक म्हणजे खेळाडू नव्हेत, आणि येथे सावधपणे बोलावयास हवे. न्यूझीलंडमध्ये राष्ट्रीय संघाचे सामने १९९६ पासून मुख्यत: सशुल्क वाहिनीवर आहेत, तरीही त्या देशाने २०११ आणि २०१५ चे विश्वचषक जिंकले. तेथे खेळ शाळेच्या मैदानातून आणि घराण्यातून येतो. उलट वेल्समध्ये षट्राष्ट्रीय सामने वर्षानुवर्षे विनामूल्य दिसत असूनही २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षे त्यांचा संघ स्पर्धेत तळाला राहिला. तेथील क्लबांची आर्थिक दुर्दशा पडद्याने दूर केली नाही. विनामूल्य प्रक्षेपणाने खेळाची ओळख होते. त्या ओळखीतून खेळाडू घडविण्यास मैदान, चेंडू आणि तो शिकविणारा माणूस लागतो.

दुसरी अडचण कालावधीची. खेळ कुंपणाआड गेला तरी पहिली काही वर्षे काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. जुने चाहते वर्गणी भरतात, संघटनेचा ताळेबंद सुधारतो. उणीव भासते ती दहा-पंधरा वर्षांनी, त्या काळात वाढलेली मुले मोठी होतात तेव्हा. हिशोबाच्या वहीत ही तूट कोणत्याच वर्षाच्या नावे पडत नाही, म्हणून निर्णय घेणाऱ्यांना ती दिसतही नाही.

मद्यगृहातील संच

दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार सिया कोलिसी याचा जन्म १९९१ साली पोर्ट एलिझाबेथजवळील झ्वीडे या गरीब वस्तीत झाला. २०० ७ मध्ये दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला १५-६ असे हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. घरी दूरचित्रवाणी संच नव्हता. म्हणून तो सामना त्याने वस्तीतील मद्यगृहात, तेथे जमलेल्या लोकांत बसून पाहिला. एरवी आपापल्या विवंचनेत असलेली माणसे त्या रात्री एक झालेली त्याने पाहिली, असे त्याने पुढे सांगितले आहे. रग्बीची गोडी त्याला त्याआधीच वस्तीतल्या क्लबात लागली होती आणि शिष्यवृत्तीवर तो चांगल्या शाळेतही गेला होता. पण हा खेळ आपल्या माणसांसाठी काय करू शकतो, हे त्याने त्या पडद्यासमोर पाहिले. बारा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच्याच नेतृत्वाखाली संघाने विश्वचषक उंचावला आणि २०२३ मध्ये पुन्हा.

संच विकत घेणेच जेथे परवडत नाही तेथे दरमहाच्या वर्गणीची गोष्ट दूरच. दक्षिण आफ्रिकेत रग्बीचे हक्क सुपरस्पोर्ट या सशुल्क वाहिनीकडे एकवटलेले आहेत. २०२३ च्या विश्वचषकापूर्वी सार्वजनिक वाहिनीस काही सामने मिळणार की नाही, हा वाद स्पर्धेच्या तोंडावर आला तरी चालूच होता. अवघे काही दिवस उरले असता तडजोड झाली. कोलिसीच्या वस्तीतील लोकांना कोलिसीचा खेळ दिसणे वाटाघाटींवर अवलंबून राहावे, हे विचित्रच नव्हे काय?

जपान आणि महिलांची स्पर्धा

नव्या प्रदेशात खेळ रुजविण्यास खुला पडदा काय करू शकतो, हे २०१९ मध्ये जपानमध्ये दिसले. तेथे बेसबॉल आणि फुटबॉलपुढे रग्बी मागे पडलेला. विश्वचषकाचे यजमानपद मिळाले आणि जपानचे सामने सर्वत्र दिसणाऱ्या वाहिन्यांवर आले. स्कॉटलंडविरुद्धचा सामना पाहणाऱ्यांची संख्या एकूण पाच कोटी अठ्ठेचाळीस लाखांपर्यंत गेली, म्हणजे देशातील सुमारे निम्मी माणसे. पहिल्या सामन्यात नियम न कळणारे लोक चौथ्या सामन्यात पंचाच्या निर्णयावर वाद घालीत होते, असे त्या वेळी विनोदाने म्हटले जाई.

महिलांच्या रग्बीचे उदाहरण याहून ताजे आहे. २०१७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ब्रिटनमध्ये आय. टी. व्ही.वर दिसला, प्रेक्षकांचा कळस सव्वीस लाखांच्या घरात होता. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ट्विकनहॅमवर इंग्लंडने कॅनडास ३३-१३ असे हरविले तेव्हा मैदानात ८१,८८५ प्रेक्षक होते आणि बी. बी. सी.वरील कळस अठ्ठावन्न लाखांचा होता. मधल्या काळात खेळाडूंना करार मिळाले, प्रशिक्षण सुधारले. त्याबरोबरच महत्त्वाचे सामने लपले नाहीत, हीही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ज्या खेळाला प्रेक्षक मिळवावयाचा आहे त्याने आधी दिसावे आणि मग दाम मागावा, हा क्रम येथे पाळला गेला.

त्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, पुरुषांच्या षट्राष्ट्रीय स्पर्धेचा निर्णयही लागला. ती सशुल्क वाहिनीकडे जाणार, अशी चर्चा बराच काळ होती. २०२१ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने स्पर्धेचा सातवा हिस्सा साडेछत्तीस कोटी पौंडांपर्यंत किंमत देऊन घेतल्यापासून ती अधिकच बळावली. प्रत्यक्षात २०२६ ते २०२९ या चार वर्षांसाठी आय. टी. व्ही.ने दरवर्षी दहा व बी. बी. सी.ने पाच सामने घेतले आणि स्पर्धा विनामूल्य राहिली. या करारात आय. टी. व्ही.चा वाटा मोठा आहे, कारण परवाना शुल्कावर चालणाऱ्या बी. बी. सी.ला एकटीने हा भार पेलवेनासा झाला आहे.

आपल्याकडील तरतूद

भारतातही या प्रश्नाचा विचार कायद्याने झाला आहे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात सांगितले; तोही वाद क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच निर्माण झाला होता. २००७ च्या अधिनियमानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे हक्क असलेल्या खाजगी वाहिनीस आपले थेट संकेत जाहिरातींविना प्रसार भारतीला द्यावे लागतात. जाहिरातींचे उत्पन्न दूरचित्रवाणीच्या बाबतीत ७५ टक्के हक्कधारकास व २५ टक्के प्रसार भारतीस, तर रेडिओच्या बाबतीत निम्मे निम्मे, असे वाटले जाते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, हे संकेत दूरदर्शनच्या भूस्थित प्रक्षेपणासाठी व डी. डी. फ्री डिशसाठी आहेत. केबलचालकांमार्फत ते पुढे देण्यासाठी नाहीत. परिणामी खेडेगावात छपरावर फ्री डिशची थाळी असलेल्या घरास भारताचा एकदिवसीय सामना दिसू शकतो, पण शहरात केबल घेतलेल्या घरास तोच सामना दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसत नाही. ग्रामपंचायतीत याविषयी विचारणा झाल्यास सभासदांनी हा फरक समजावून सांगणे उपयोगी ठरेल.

कोणते प्रसंग राष्ट्रीय महत्त्वाचे, हे केंद्र शासन अधिसूचनेने ठरविते. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, टेनिस यांतील ठरावीक स्पर्धा व ऑलिम्पिकसारखे क्रीडामेळे त्यांत येतात. २०१६ पासून सात खेळाडूंचा रग्बी ऑलिम्पिकमध्ये असल्याने तेवढ्या मार्गाने तो या छत्राखाली येतो. मुंबईत रग्बीची परंपरा जुनी आहे. जिमखान्याच्या मैदानावर तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात सहा संघांची पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. स्टार स्पोर्ट्‌स आणि जिओहॉटस्टार यांवरून ती दाखविण्यात आली आणि चेन्नईच्या संघाने अंतिम सामन्यात दिल्लीस ४१-० असे नमविले. सामने सात-सात मिनिटांच्या दोन डावांऐवजी चार लहान भागांत खेळविण्यात आले.